दैव, कारण आणि मनुष्य

१९५४ सालीं भंडारा लोकसभा मतदारसंघांत पोटनिवडणूक झाली. तो जिल्हा त्या वेळीं मध्यप्रदेशांत होता. राखीव जागेसाठीं डॉ. आंबेडकर उभे होते. ते पराभूत झाले व काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले. या प्रसंगाचें स्मरण करतांना मानसशास्त्रांतील एक जुना वाद आमच्या मनांत उभा राहतो: मनुष्याची इच्छा स्वतंत्र आहे, कीं कारणांनीं बांधलेली आहे?

विल्यम जेम्स यांनीं १८७० सालीं निराशेच्या काळांत दैनंदिनींत ठरविलें कीं, इच्छास्वातंत्र्यावर विश्वास ठेवणें हीच आपली पहिली स्वतंत्र कृति होय. उलट, स्किनर यांनीं १९७१ सालच्या ग्रंथांत प्रतिपादिलें कीं, वर्तन परिस्थितीनें घडतें. यास्तव परिस्थितीच पालटली पाहिजे. लोकमान्य टिळकांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’चें दहावें प्रकरण कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य यांस वाहिलें आहे. कर्माचें बंधन मान्य करूनही आत्मा स्वतंत्र आहे, असा त्यांचा निर्णय आहे.

परंतु आमच्या समाजांत हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हता. ज्यास गांवाबाहेर राहावें लागे व पाणवठ्यास शिवतां येत नसे, त्यास हें गतजन्मींच्या कर्माचें फळ म्हणून सांगितलें जाई. १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं येवल्यास डॉ. आंबेडकरांनीं जाहीर केलें कीं, हिंदु म्हणून जन्म घेणें आपल्या हातीं नव्हतें. परंतु हिंदु म्हणून आपण मरणार नाहीं. जन्म परस्वाधीन, पुढील निर्णय मात्र स्वाधीन, अशी ही स्पष्ट विभागणी होय. दारिद्र्य हें गतजन्मींच्या कर्माचें फळ मानलें, तर समाज व राज्य आपल्या जबाबदारींतून मोकळे होतात, हा विचार त्यांनीं बुद्धधम्मावरील ग्रंथांत मांडला. तो ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९५७ सालीं प्रसिद्ध झाला.

येथें दैववाद व कारणवाद यांतील भेद लक्षांत घेतला पाहिजे. दैववादी ज्या कारणाकडे बोट दाखवितो, तें गतजन्मांतलें. त्यास कोणाचाही हात पोंचत नाहीं. कारणवादी मात्र कारण याच जगांत शोधतो, आणि सांपडलेलें कारण दूर करतां येतें. डॉ. आंबेडकरांनीं परिस्थितीचें बळ कधीं नाकारलें नाहीं. ज्या राज्यघटनेच्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष होते, तिच्या सतराव्या कलमानें अस्पृश्यता नष्ट झाली. परिस्थिति पालटण्याचाच तो यत्न होता.

भंडाऱ्याच्या पराभवानंतर सुमारें अडीच वर्षांनीं, १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं, त्यांनीं नागपुरास लाखों अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. येवल्याचा शब्द एकवीस वर्षांनीं खरा झाला. तेव्हां दुसऱ्याची हीन स्थिति पाहून ‘त्याच्या नशिबींच होतें’ असें आपल्या घरांत कोणी सहज बोलून गेलें, तर त्या नशिबांत आपला स्वतःचा वाटा किती, हें वाचकांनीं एकदां तपासून पाहावें, इतकीच आमची विनंति आहे.