खुब्याचा सांधा आणि त्याच्या कंडरा : एका शस्त्रक्रियेच्या इतिहासातील उपेक्षित बाजू

कृत्रिम खुब्याचा इतिहास बहुधा पदार्थांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. बर्लिनच्या थेमिस्टोक्लिस ग्लुक याने १८९० च्या सुमारास सांध्यांत बसविलेले हस्तिदंत, बॉस्टनच्या स्मिथ-पीटर्सनने १९२३ मध्ये योजिलेली काचेची व १९३८ मध्ये व्हिटॅलियम या मिश्रधातूची टोपी, पॅरिसच्या ज्यूदे बंधूंचा १९४६ मधील अ‍ॅक्रिलिकचा गोळा आणि अखेरीस १९६२ मधील जॉन चार्नलीची पॉलिएथिलीनची उखळी, असा तो क्रम होय. ही मांडणी चुकीची नाही. परंतु ती अपुरी आहे. खुबा म्हणजे केवळ गोळा व उखळी नव्हे. ज्या स्नायूंच्या व कंडरांच्या आधाराने मनुष्य एका पायावर तोल सांभाळतो, त्यांचाही या इतिहासात वाटा आहे. तो का विसरला गेला व पुन्हा का आठवावा लागला, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या विचाराचा आरंभ १८९५ या वर्षापासून करणे सोयीचे होईल. जन्मतः खुबा निखळलेली मुले डोलत का चालतात, हा प्रश्न त्या वर्षी जर्मन शल्यचिकित्सक फ्रीड्रिख ट्रेंडेलेनबुर्ग याने हाती घेतला. मांडीच्या हाडाचा गोळा प्रत्येक पावलाला वर सरकतो म्हणून मूल डोलते, हा तोवरचा समज होता. ट्रेंडेलेनबुर्गने रुग्णाला उघड्या अंगाने एका पायावर उभे केले आणि दाखवून दिले की, ज्या पायावर भार आहे त्या बाजूचे नितंबस्नायू कमरेचे हाड तोलून धरू शकत नाहीत. म्हणून ते दुसऱ्या बाजूस खाली झुकते. या परीक्षेला डोळ्यांवाचून अन्य साधन लागत नव्हते.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात व्युर्झबुर्ग येथे राँटगेनला क्ष-किरणांचा शोध लागला. दोन घटनांचा परस्परसंबंध नव्हता. तरी पुढील शतकाची दिशा दुसरीनेच ठरविली. क्ष-किरणांच्या चित्रात हाड स्पष्ट दिसते, कंडरा दिसत नाही. त्यामुळे खुब्याचे दुखणे म्हणजे हाडाचे व कूर्चेच्या झिजेचे दुखणे, अशी समजूत दृढ होत गेली. मांडीच्या हाडाच्या बाहेरील मोठ्या उंचवट्याजवळ दुखत असेल, तर तेथील द्रवपिशवीला सूज आली असे निदान करून प्रश्न मिटविला जाई.

तथापि स्नायूंचा विचार सर्वस्वी लोपला होता असे नाही. जर्मनीतील फ्रीड्रिख पाउवेल्स याने १९३५ मध्ये खुब्याचे गणित तरफेच्या तत्त्वाने मांडले. एका पायावर उभे राहताना शरीराच्या भाराची भुजा स्नायूंच्या भुजेच्या सुमारे तिप्पट असते. म्हणून तोल राखण्यासाठी स्नायूंना भाराच्या सुमारे तिप्पट ओढ द्यावी लागते, आणि भार व ओढ या दोहोंचा दाब सांध्यावर पडतो.

चार्नलीने हे गणित आपल्या शस्त्रक्रियेत उतरविले, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. लँकशरमधील राइटिंग्टन रुग्णालयात त्याने प्रथम टेफ्लॉनच्या उखळ्या वापरल्या. त्या थोड्याच वर्षांत झिजल्या व अनेक रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. पुढे पॉलिएथिलीनचा नमुना आला, तेव्हा चार्नलीने तो आधी नाकारला. त्याचा तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन याने चाचणीयंत्रावर त्याचा टिकाऊपणा सिद्ध केल्यावर त्याचे मत बदलले. ही कथा सर्वांना ठाऊक आहे. मात्र त्याच शस्त्रक्रियेत तो मोठा उंचवटा त्याला चिकटलेल्या कंडरांसह कापून बाजूस करीत असे आणि शेवटी तारांनी पुन्हा बांधी. शक्य तेथे तो थोडा बाहेरच्या व खालच्या बाजूस बसवी. उखळी आत सरकवून भाराची भुजा कमी करणे व उंचवटा बाहेर नेऊन स्नायूंची भुजा वाढविणे, हा त्यामागील हेतू होता. सारांश, २२.२२५ मिलिमीटर व्यासाचा लहान गोळा ही चार्नलीच्या कल्पनेची एक बाजू होती. स्नायूंची पुनर्रचना ही दुसरी.

ही दुसरी बाजू टिकली नाही. कापलेला उंचवटा काही रुग्णांत जुळत नसे, तारा तुटत, शस्त्रक्रियेला वेळ अधिक लागे. ही कारणे खरी होती. परिणामी उंचवटा न कापता सांध्यापर्यंत पोहोचण्याचे मार्ग रूढ झाले. मागून जाण्याच्या मार्गाने हे स्नायू अबाधित राहतात. राइटिंग्टन येथीलच केव्हिन हार्डिंज याने १९८२ मध्ये वर्णिलेल्या बाजूच्या मार्गात मात्र मध्यम नितंबस्नायूच्या कंडरेचा पुढील भाग सोडवून पुन्हा शिवावा लागतो. तो न जुळल्यास नवा सांधा निर्दोष असूनही रुग्ण लंगडतो, आणि क्ष-किरणांच्या चित्रात त्याचे कारण सापडत नाही.

कंडरा दृष्टीस पडू लागल्या त्या चुंबकीय व ध्वनिलहरींच्या चित्रणामुळे. १९९७ मध्ये बंकर, एस्लर व लीच यांनी मांडीच्या हाडाची मान मोडलेल्या ५० रुग्णांची शस्त्रक्रियेच्या वेळी पाहणी केली असता ११ जणांच्या कंडरा फाटलेल्या आढळल्या. खांद्यातील सुपरिचित फाटीशी त्यांनी तिची तुलना केली. पुढे २००१ मध्ये हॉवेल, बिग्ज व बोर्न यांना सांधेबदलासाठी आलेल्या संधिवाताच्या सुमारे एक पंचमांश रुग्णांत या कंडरांचा ऱ्हास दिसून आला. म्हणजे झिजलेला सांधा व जीर्ण कंडरा एकाच खुब्यात नांदू शकतात.

येथेच आजचा कठीण प्रश्न उभा राहतो. केवळ सांधा बदलला, तर फाटलेल्या कंडरेची वेदना व लंगडेपणा मागे उरू शकतो, सांधा निखळण्याची भीतीही वाढते. केवळ कंडरा शिवली, तर झिजलेल्या सांध्याचे दुखणे राहते. दोन्ही एकत्र करावे, तर पश्चात्-उपचार परस्परविरुद्ध ठरतात : नव्या सांध्याच्या रुग्णाला लगेच चालविणे इष्ट, तर शिवलेल्या कंडरेला कित्येक आठवडे कुबड्यांचा आधार व विसावा आवश्यक. शिवाय स्नायूची जागा चरबीने घेतली असेल, तर शिवण टिकण्याची आशा अल्प. अशा वेळी मोठ्या नितंबस्नायूचा पट्टा वळवून आणण्याचा उपाय अमेरिकेतील लिओ व्हाइटसाइड याने २०१२ मध्ये वर्णिला. यांपैकी काय व कोणत्या क्रमाने करावे, याविषयी शल्यचिकित्सकांत अद्याप एकमत नाही.

इतिहासाच्या अभ्यासकाने हा वैद्यकीय वाद सोडवावा अशी अपेक्षा नाही. परंतु एक गोष्ट तो निश्चयाने सांगू शकतो. कंडरांचे ज्ञान १९९७ मध्ये नव्याने जन्मले नाही. ट्रेंडेलेनबुर्ग, पाउवेल्स व चार्नली या तिघांच्या हाती ते होते. जे साधन हाड दाखवीत होते, त्याने हाडाचाच प्रश्न मोठा केला, आणि जे चित्रात येत नव्हते ते विचारातूनही हळूहळू निसटले. आपल्या विषयातही दप्तरांत जे नोंदलेले आहे, त्यालाच आपण घडलेले मानीत असतो. रुग्णाला एका पायावर उभे करून पाहणारी १८९५ ची ती साधी परीक्षा आजही चिकित्सालयात वापरात आहे. तिचे स्मरण इतिहासकारालाही उपकारक ठरावे.