मुल्कोवालची बाटली

प्लेगच्या साथीत घरे मोकळी टाकून माळावर झोपड्यांत राहिलेल्या पिढ्यांच्या कथा बेळगाव-निपाणी भागाने पुष्कळ ऐकल्या आहेत. त्याच काळी मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगवरील लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. पुढच्या वर्षी शेजारच्या हुबळीत हजारो लोकांनी ती घेतली.

परंतु ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील (आता पाकिस्तानात असलेल्या) मुल्कोवाल गावी घात झाला. लस टोचलेल्या १०७ जणांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. त्या सर्वांना लस एकाच बाटलीतून दिली होती. सरकारने चौकशी मंडळ नेमले. लस निर्जंतुक करताना कार्बोलिक आम्लाऐवजी उष्णतेवर भिस्त ठेवण्याची नवी पद्धत हाफकिन यांनी स्वीकारली होती. मंडळाला तेथेच कारण गवसले. बाटली मुंबईच्या प्रयोगशाळेतच दूषित झाली, असा निष्कर्ष निघाला आणि हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले.

याच्या उलट सांगणारा पुरावाही चौकशीच्या वेळीच उपलब्ध होता. बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. शिवाय धनुर्वाताचे जंतू बाटलीत आधीपासून वाढत असते, तर ती उघडताच दुर्गंधी सुटली असती. टोचणाऱ्या डॉक्टराला तसा वास आला नव्हता.

मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस यांनी १९०७ साली लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये ही बाजू मांडली, आणि त्याच वर्षी हाफकिन निर्दोष ठरले. पण मधली वर्षे परत येणार नव्हती. मुल्कोवालच्या धास्तीने पंजाबात लस टोचणे थंडावले आणि त्या वर्षांत तेथे प्लेगाने लाखो बळी घेतले.

चौकशी करणारे अप्रामाणिक होते, असे म्हणण्याचे कारण नाही. एक कारण मनात ठसले, की त्याला दुजोरा देणारे तेवढे नजरेस पडते आणि विरोधी ते क्षुल्लक वाटते, हा मनुष्यस्वभाव आहे. म्हणून निर्णयापूर्वी आपले मत कशाने खरे ठरेल याहून ते कशाने खोटे ठरेल, हे विचारणे अधिक अगत्याचे असते. परळच्या त्या प्रयोगशाळेला १९२५ साली हाफकिन यांचे नाव दिले गेले. पण बाटलीला वास येत होता काय, हा साधा प्रश्न वेळीच ध्यानात घेतला गेला असता, तर पुष्कळ घरे उजाड होण्यापासून वाचली असती.