ओल, ओदम् आणि भाड्याचे घर : कुंभकोणमच्या गृहेतिहासाचा एक दुर्लक्षित पैलू

कुंभकोणमच्या उत्तरेस कावेरी आणि दक्षिणेस तिचीच शाखा अरसलार. या दोन प्रवाहांमधील शहराचा इतिहास बहुधा मंदिरे, महामहम् तीर्थ आणि मठ यांच्या आधारे लिहिला गेला. ज्या घरांत हे शहर प्रत्यक्ष राहिले, त्यांच्या भिंतींचा विचार त्यात अभावानेच आढळतो. भिंतीतली ओल हा वास्तुशास्त्राचा किंवा आरोग्याचा विषय मानला जातो. परंतु ओलीचे दायित्व कोणाचे, हा प्रश्न उपस्थित होताच ती मालकीच्या, कायद्याच्या आणि भाषेच्या इतिहासाचा विषय बनते.

या शहराशी मराठीचा संबंध जुना आहे. व्यंकोजींनी १६७६ च्या सुमारास तंजावरची सत्ता हाती घेतली. १८५५ मध्ये संस्थान खालसा झाले, तरी मराठी भाषक घराणी कावेरीकाठी टिकून राहिली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे येथे दिवाणपद भूषविणारे टी. माधवराव यांचा जन्म १८२८ मध्ये कुंभकोणम येथेच झाला. पुढे १८५४ मध्ये येथे सरकारी विद्यालय निघाले, त्याचेच महाविद्यालय झाले. शिक्षण व कचेऱ्या यांमुळे विद्यार्थी, कारकून, वकील येऊ लागले आणि खोली भाड्याने देणे, जेवणासह विद्यार्थी ठेवणे हे मध्यमवर्गीय कुटुंबाच्या पूरक उत्पन्नाचे साधन ठरले. सारंगपाणि सन्निधी मार्गावरील श्रीनिवास रामानुजन यांच्या घरीही असे विद्यार्थी राहत असत.

हे घर अरुंद आणि खोल. रस्त्याकडे तिण्णै, म्हणजे आपली ओसरी. मध्ये मुट्रम्, म्हणजे उघडा चौक. मागे स्वयंपाकघर आणि विहीर. शेजारच्या दोन घरांची भिंत पुष्कळदा एकच. नदीकाठच्या गाळाच्या जमिनीतले पाणी विटांच्या सूक्ष्म रंध्रांतून वर चढते. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातील ईशान्य मोसमी पावसात हवाही दमट राहते व भिंत सुकत नाही. चुन्याचा गिलावा ही ओल बाहेर सोडीत असे आणि चौकातला वारा ती वाहून नेत असे. चौकावर छप्पर घालून घराच्या दोन-तीन बिऱ्हाडांसाठी वाटण्या केल्या, चुन्याच्या जागी सिमेंट आले, की ही व्यवस्था मोडते. कोंडलेली ओल आणखी वर सरकते, क्षार पृष्ठभागावर येऊन लोणा धरतो, पोपडे सुटतात आणि जेथे वारा पोचत नाही त्या कोपऱ्यात बुरशी वाढते. अशी कोंदट खोली बहुधा भाडेकरूच्या वाट्याला येते.

येथे मालकीचा प्रश्न निर्माण होतो. तमिळनाडूच्या मंदिरनगरांत जमीन देवस्थानाची, तिच्यावरील इमारत जमिनीचे भाडे देणाऱ्याची आणि इमारतीतील खोली तिसऱ्याच कुटुंबाकडे भाड्याने, अशी तिहेरी रचना आढळते. या पद्धतीतील भूखंडास 'अडिमनै' म्हणतात. १९२१ च्या मद्रास नगर भाडेकरू संरक्षण कायद्याने परक्या जमिनीवर इमारत बांधणाऱ्यास काही हक्क दिले. १९९६ च्या दुरुस्तीने धार्मिक संस्थांच्या जमिनी त्यातून वगळण्यात आल्या. ज्याचा इमारतीवरील हक्कच अनिश्चित, तो पाया उकरून ओल रोखण्याचा खर्च सहसा करीत नाही. ओल मात्र एकाच्या जमिनीतून निघते, दुसऱ्याच्या भिंतीतून चढते आणि तिसऱ्याच्या अंथरुणापाशी पोचते.

तुलनात्मक अभ्यासाच्या दृष्टीने येथील शब्दसंपदा विशेष बोलकी आहे. मराठी 'भाडे' आणि तमिळ 'वाडगै' हे दोन्ही शब्द संस्कृत 'भाटक' या एकाच मूळाकडे जातात. 'कुडिक्कूलि' या जुन्या तमिळ शब्दात मात्र घरभाडे ही राहण्याची 'मजुरी' ठरते. ओलीच्या बाबतीत दोन्ही भाषा दुरावतात. तमिळमध्ये भिंतीच्या ओलीस 'ओदम्' म्हणतात. याच शब्दाचे पूर, लाट आणि समुद्र असेही अर्थ आहेत. बुरशी आणि क्षार तेथे 'फुलतात'. मराठी 'ओल' कोरडवाहू शेताची आठवण ठेवून आहे. शेतात ती पेरणीचा भरवसा, नात्यात 'ओलावा' म्हणजे जिव्हाळा. केवळ भिंतीत ती दोष ठरते. दख्खनच्या पठारावरून आलेल्या भाषेला त्रिभुज प्रदेशातल्या पाण्याच्या अतिरेकासाठी हाच मायेचा शब्द वापरावा लागला.

या भेदांपलीकडे एक साम्यही आहे. 'भिंतीला ओल आली', 'बुरशी धरली', 'उप्पु फुलले' : या वाक्यांत कर्ता माणूस नाही. कायद्याला मात्र कर्ता लागतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार, मालकाने आपल्यावर बंधनकारक असलेली दुरुस्ती सूचना मिळूनही वाजवी मुदतीत केली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. तमिळनाडूच्या १९६० च्या भाडेनियंत्रण कायद्यातही अशा वजावटीची वाट होती. त्याची जागा घेणाऱ्या २०१७ च्या कायद्याने, जो २०१९ मध्ये अमलात आला, दुरुस्तीची जबाबदारी मालक आणि भाडेकरू यांच्यात वाटून दिली. परंतु भिंतीची रचनाच सदोष की राहणाऱ्याने खिडक्या बंद ठेवल्या, हा वाद ओलीच्या बाबतीत सहज सुटत नाही. कर्ताहीन वाक्यात जी सोय आहे, ती बहुधा मालकाच्या बाजूची असते.

या प्रश्नाचा साहित्येतिहासाशीही थेट संबंध आहे. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात राजघराण्याचे मराठी ग्रंथ आणि मोडी कागद टिकले, कारण त्यांना संस्थेचे छत्र लाभले. घरगुती पत्रे, जमाखर्च, उतरवून घेतलेली पदे यांचे भवितव्य भिंतीतल्या कोनाड्यावर अवलंबून होते. वेखंडाची पुरचुंडी किडीला दूर ठेवते, ओलीला नाही. त्यामुळे दक्षिणेतील मराठीचे जे चित्र दरबारी दिसते, त्यात भाषेच्या स्वभावाइतकाच सुक्या खोलीचाही वाटा असू शकतो. जतन झालेल्या साहित्यावरून एखाद्या समाजाच्या अभिरुचीचे अनुमान काढण्यापूर्वी त्या समाजातील कोणाच्या भिंती कोरड्या होत्या, हे तपासणे म्हणूनच अगत्याचे आहे.