योग्या : शस्त्रवैद्याच्या हाताचे शिक्षण

पावर हाउस हे भिलाईतील रेल्वेस्थानक. या गावाची ओळख पोलादाची. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि पुढे भिलाईचे रूळ देशभर पोहोचले. रुळाच्या पोटातील तडा डोळ्यांना दिसत नाही. तो शोधावयाचा तर कानाला ऐकू न येणारा ध्वनी आत पाठवून त्याचा प्रतिध्वनी तपासावा लागतो.

हीच युक्ती वैद्यकाने धातूच्या कारखान्यातून उचलली. १९५५ साली ग्लासगोचे इयन डोनाल्ड शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी घेऊन बाष्पित्रांच्या एका कारखान्यात गेले आणि त्या त्यांनी धातूचे दोष शोधणाऱ्या यंत्राखाली ठेवल्या. तुलनेसाठी शेजारी मांसाचा एक तुकडा होता. १९५८ साली त्यांचा व त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. सोनोग्राफीच्या इतिहासातील तो एक महत्त्वाचा टप्पा होय.

पुढे या प्रतिमेच्या आधाराने शरीरात सुई घालण्याची पद्धत आली. परंतु प्रतिमा म्हणजे शरीराचा एक पातळ काप. पडद्यावरील ठिपका सुईचे टोक आहे की मधला भाग, हे न उमगल्यास शेजारची रोहिणी अथवा फुप्फुस विंधले जाते. मग हा सराव प्रथम कोणाच्या देहावर करावा?

या प्रश्नाचे उत्तर सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, नवव्या अध्यायात आहे. तेथे अशा सरावाला ‘योग्या’ म्हटले आहे. छेदनासाठी कोहळा, दुध्या व काकडी. भेदनासाठी पाण्याने वा चिखलाने भरलेली कातडी पिशवी. शिरावेधासाठी मृत पशूची शीर व कमळाचा देठ. पट्टी बांधण्यासाठी बाहुला. शास्त्र पुष्कळ ऐकले तरी योग्या न केलेला शिष्य कर्मास अपात्र, असा तेथील दंडक आहे.

आजची स्वस्त प्रतिरूपे याच वाटेने जातात. पाण्यात शिजवून थिजविलेल्या अगरमध्ये अथवा जिलेटिनमध्ये इसबगोल मिसळला की पडद्यावर मांसासारखा कण उमटतो. आत पाण्याने भरलेली रबरी नळी ठेवली की रक्तवाहिनी दिसते. सुयांच्या खुणा फार झाल्या तर अगर वितळवून पुन्हा ओतता येते. महागडे तयार प्रतिरूप न परवडणाऱ्या रुग्णालयालाही हे साधते.

हा गोळा श्वास घेत नाही, कण्हत नाही, रक्तही सांडत नाही. म्हणून गुरूच्या देखरेखीची गरज तो संपवीत नाही. मात्र शिकाऊ हाताच्या पहिल्या चुका तो स्वतःवर घेतो. त्या घेण्यास तो नसेल, तर त्या रुग्णाच्या वाट्याला येतात.