हिंगोली जिल्हा : आरोग्यसेवेचा कारभार आणि लोकांचा अधिकार

सार्वजनिक आरोग्याच्या कारभारात ग्रामस्थांना स्थान असावे, हा विचार भोर समितीच्या १९४६ च्या अहवालात स्पष्टपणे आढळतो. प्रत्येक खेड्यात पाच ते सात जणांची आरोग्य समिती असावी, अशी तीत शिफारस होती. तथापि हा अहवाल ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यातील परभणी जिल्ह्यात मोडत असे.

मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यास जोडला गेला. पुढे १९६१ च्या अधिनियमान्वये १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांचा कारभार त्यांच्याकडे आला. निर्वाचित सभासदांच्या आरोग्य समितीला कायद्याचे अधिष्ठान लाभले. १ मे १९९९ रोजी हिंगोली स्वतंत्र जिल्हा झाल्यावर हीच घडण त्याच्या वाट्यास आली.

२००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने दुसरी वाट काढली. गावोगावी आरोग्य समित्या व रुग्णालयांत रुग्ण कल्याण समित्या आल्या. गावसमितीस वर्षाला दहा हजार रुपयांपर्यंत अबंधित निधी ठरला. या समित्यांचा आधार मात्र निवडणूक नसून शासनाचा आदेश होता. तिसरी वाट २००७ मधील लोकाधारित देखरेखीची. तीत जनसुनवाईपुढे अधिकाऱ्यांना उत्तरे द्यावी लागत. परंतु आरंभीच्या पाच जिल्ह्यांत मराठवाड्यातील एकटा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, होता.

या तीन वाटांतील भेद शब्दांतूनही उमगतो. सभेत बसतो तो सभासद. लाभाची इच्छा धरतो तो लाभार्थी. पहिल्यास विचारण्याचा हक्क असतो, दुसऱ्यास मागण्याची मुभा. मार्च २०२२ मध्ये हिंगोली जिल्हा परिषदेची मुदत संपली व निवडणुका लांबल्याने कारभार प्रशासकाकडे गेला, तेव्हा आरोग्य समितीतील सभासदही उरले नाहीत. आदेशाने निर्माण झालेल्या समित्या ती उणीव भरून काढू शकत नाहीत. कारण ग्रामस्थांना उत्तरदायी असा निर्वाचित दुवाच तुटलेला असतो.

सेवकवर्गाची स्थिती याहून विलक्षण आहे. गावाचे आरोग्य ज्यांच्या पायपिटीवर चालते, त्या आशा कार्यकर्त्या शासनाच्या लेखी स्वयंसेविका; त्यांना वेतन नव्हे, मोबदला मिळतो. कर्मचारी म्हणून त्यांचे म्हणणे ऐकण्याची जागा कारभारात नसल्याने २०२१ व २०२३ मध्ये राज्यभरातील आशांना संपाचा मार्ग धरावा लागला. सारांश, समित्यांची संख्या वाढली म्हणजे लोकांचा अधिकार वाढला असे नव्हे. विचारणाऱ्यास उत्तर देणे जेथे बंधनकारक असते, तेथेच तो अधिकार खरा ठरतो.