बालगृहातून १८ व्या वर्षी बाहेर पडल्यावर जायचं कुठं? कायदा काय देतो आणि गावात आधी काय बघावं

बहुतेक गावांत असं एखादं पोरगं असतंच. बाप गेला, आई गेली किंवा आईने दुसरं घर केलं, चुलत्या-मामाने काही दिवस सांभाळलं आणि शेवटी बालगृहात नेऊन घातलं. पुढे गाव त्याला विसरून जातं. पण बालगृहात मुदत असते १८ वर्षांपर्यंत. इतरांच्या घरी त्या वाढदिवसाला पेढे येतात, इथं पेटी भरावी लागते. गावी परतावं तर घर पडलेलं नाहीतर भावकीच्या ताब्यात. मग हॉटेलात काम आणि तिथंच झोपणं, एसटी स्टँड, बांधकामावरचं पत्र्याचं शेड. मुलगी असेल तर घाईघाईत लग्न लावून मोकळं होणं.

हे काही एखाद्-दुसऱ्याचं नाही. गोव्यातल्या अनाथाश्रमात वाढलेली एक मुलगी १८ व्या वर्षी पुण्याला आली आणि तिने पहिली रात्र रेल्वे स्टेशनवर काढली. पुढे राज्यसेवेच्या परीक्षेत ती नॉन क्रिमीलेयर दाखल्यावर अडली, कारण आईबापच माहीत नाहीत तर दाखला आणायचा कुठून? तिने थेट मुख्यमंत्र्यांपर्यंत पाठपुरावा केला. त्यानंतर २०१८ मध्ये महाराष्ट्राने अनाथांसाठी शिक्षण आणि सरकारी नोकरीत १ टक्का आरक्षण लागू केलं.

कायद्यात सोय आहे, ती मात्र मागून घ्यावी लागते. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ४६ नुसार संस्थेतून बाहेर पडणाऱ्याला समाजात उभं राहण्यासाठी आर्थिक मदत ‘देता येते’. शब्द ‘देता येते’ असा आहे, ‘दिलीच पाहिजे’ असा नाही, आणि इथंच अनेकांची गाडी अडते. या मदतीला आपल्याकडे अनुरक्षण किंवा आफ्टर केअर म्हणतात. ती २१ व्या वर्षापर्यंत चालते, विशेष कारण असेल तर २३ पर्यंत वाढवता येते. मिशन वात्सल्य योजनेत यासाठी महिना ४,००० रुपये धरलेले आहेत. जिल्ह्याच्या गावी खोली आणि मेस दोन्ही त्यात बसवणं अवघडच, तरी रस्त्यावर येण्यापेक्षा आधार मोठा. पैशांशिवाय राहण्याचीही तरतूद आहे. ६ ते ८ जणांनी एकत्र राहायची तात्पुरती घरं, कौशल्य प्रशिक्षण, शिकत असताना विद्यावेतन आणि सल्ला द्यायला माणूस, हे सगळं केंद्राच्या २०१६ च्या नियमांत लिहिलेलं आहे. राज्यात काही ठिकाणी अनुरक्षणगृहंही आहेत.

याच नियमांत एक फार कामाची गोष्ट आहे. मूल बाहेर पडायच्या २ महिने आधी परिविक्षा अधिकारी किंवा बालकल्याण अधिकाऱ्याने त्याच्या पुढच्या आयुष्याचा आराखडा करून बाल कल्याण समितीपुढे ठेवायचा असतो. म्हणजे पोरगं साडेसतरा वर्षांचं झालं की मामा, आत्या किंवा जो कोणी भेटायला जातो त्याने संस्थेत सरळ विचारावं, ‘याचा आराखडा झाला का? आफ्टर केअरची शिफारस केली का?’ निघायच्या दिवशी विचारून काही हाती लागत नाही. वेळ टळून गेली असेल आणि तरुण १९-२० वर्षांचा असेल, तरी जिल्हा बाल संरक्षण कक्षात अर्ज जरूर द्यावा. २१ पूर्ण होईपर्यंत तो कायद्याच्या व्याख्येत बसतो. अर्जाची पोच घ्यायला विसरू नये.

संस्थेतून निघताना हातात काय काय हवं? आधार, जन्माचा पुरावा, शाळा सोडल्याचा दाखला, स्वतःच्या नावाचं बँक खातं आणि संस्थेत राहिल्याचं पत्र. ज्याचे आईवडील दोघंही नाहीत त्याने अनाथ प्रमाणपत्रासाठी जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात आधीच अर्ज करावा. १ टक्का आरक्षण या कागदाशिवाय मिळत नाही. २०२४ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांतली शिक्षण आणि परीक्षा शुल्काची माफी अनाथ मुलामुलींनाही लागू झाली, तीसुद्धा याच कागदावर. नातेवाइकांकडे वाढलेल्या अनाथांनाही हे प्रमाणपत्र मिळतं, संस्थेतच राहिलेलं असावं अशी अट नाही.

नातेवाइकांकडे वाढलेल्या मुलांची आणखी एक अडचण आहे. बाल संगोपन योजनेचे महिना २,२५० रुपये १८ व्या वर्षी बंद होतात. आफ्टर केअरची कायद्यातली व्याख्या मात्र संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांची आहे, त्यामुळे काका-मावशीकडे राहिलेलं मूल त्यात सहज बसत नाही. पैसे बंद झाले की घरातलं बोलणंही बदलतं, हे गावात कोणी उघड म्हणत नाही. अशा मुलासाठी १७ व्या वर्षीच वसतिगृह किंवा आयटीआयचा प्रवेश बघून ठेवलेला बरा.

आता गावातली गोष्ट. मूल बेघर होतं ते कित्येकदा तलाठी कार्यालयात आणि ग्रामपंचायतीत, १८ व्या वर्षाच्या खूप आधी. बाप वारला तेव्हा वारस नोंद झाली का, सातबाऱ्यावर पोराचं नाव लागलं का, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर घर कोणाच्या नावाने आहे, हे कोणी बघत नाही. मूल अज्ञान असलं तरी त्याचं नाव वारस म्हणून लागतं. नावापुढे ‘अ.पा.क.’ म्हणून सांभाळणाऱ्याचं नाव येतं. सांभाळणारा मालक नसतो. १८ पूर्ण झाल्यावर वयाचा पुरावा जोडून अर्ज केला की अ.पा.क. शेरा कमी होतो.

हिंदू कायद्यानुसार अज्ञान मुलाची जमीन किंवा घर नैसर्गिक पालकालाही, म्हणजे आईबापालाही, कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. चुलत्याला तर तसा अधिकारच नाही. पालकाने असा व्यवहार केला असेल तर तो रद्द करून घेण्यासाठी मुलाला १८ पूर्ण झाल्यापासून ३ वर्षांची मुदत असते. याचा अर्थ २१ च्या आत दावा लागला पाहिजे. बालगृहातून नुकतं बाहेर पडलेलं, खोलीभाड्याची विवंचना असलेलं पोरगं ही ३ वर्षं पोट भरण्यातच घालवतं आणि मुदत निघून जाते. तालुका विधी सेवा समितीकडे स्त्रिया आणि १८ वर्षांखालील मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. म्हणून १८ व्हायच्या आधीच तिथे गेलेलं सोयीचं.

गावात ग्राम बाल संरक्षण समिती असते, सरपंच अध्यक्ष आणि अंगणवाडी सेविका सचिव. बऱ्याच ठिकाणी ती कागदावरच आहे. तिच्या एका बैठकीत गावातली किती मुलं बालगृहात आहेत, कोणाचं वय काय आणि त्यांच्या घर-जमिनीच्या नोंदी कोणाच्या नावावर आहेत, एवढी यादी झाली तरी पुरे. १८ च्या आतलं मूल अडचणीत दिसलं तर १०९८ हा क्रमांक आहेच. १८ च्या पुढच्यासाठी मात्र जिल्हा बाल संरक्षण कक्षाचाच दरवाजा वाजवावा लागतो.