आवाजाचा दस्तऐवज आणि एक वायर

दलितांच्या इतिहासाची साधने कोणती, या प्रश्नाची आपल्याकडे पुष्कळ चर्चा झाली आहे. गॅझेटिअर झाली, 'मूकनायक' ते 'प्रबुद्ध भारत'चे अंक झाले, आत्मकथने झाली. आवाज हे इतिहासाचे साधन आहे, असे मात्र आपण फारसे मानलेले नाही. फेब्रुवारी १९४१ मध्ये आमच्या जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदारांची परिषद भरली आणि बाबासाहेब तेथे आले. तो प्रसंग आपण शब्दांवाटे ओळखतो, कानांवाटे नव्हे. बाबासाहेबांची मराठी भाषणे आपल्यापर्यंत आली ती मुख्यतः 'जनता'च्या छापील वृत्तान्तांतून. त्यांचा जो आवाज आज सर्वाधिक ऐकला जातो, तो १९५५ साली बी.बी.सी.ने घेतलेल्या इंग्रजी मुलाखतीतला आहे. यंत्र ज्याचे, आवाज त्याच्या भाषेत उरला. हा योगायोग समजून सोडून देण्यासारखा नाही.

भारतात ध्वनिमुद्रण व्यापारी पायावर सुरू झाले १९०२ साली, कलकत्त्यात. गौहरजान गायल्या आणि इंग्रज कंपनीच्या माणसाने ते मुद्रित केले. त्या काळी वीज नव्हती. गाणाऱ्याने कर्ण्यात तोंड घालायचे आणि आवाजाच्या जोरावर सुईने मेणावर रेघ ओढायची, एवढीच पद्धत. या कर्ण्यातून सेकंदाला सुमारे अडीचशे कंपनांखालचा आवाज जवळजवळ उमटतच नसे. ढोलाचा खोल ठोका त्याला पेलत नसे; जोराचा ठोका बसला की सुई उडे. १९२५ च्या सुमारास विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण आले तेव्हा कुठे खालचे स्वर तबकडीवर चढू लागले. पण कोणाला मुद्रित करायचे, हा निर्णय कर्ण्याच्या हाती कधीच नव्हता. नाट्यसंगीत आणि बैठकीची लावणी यांना गिऱ्हाईक होते. भीमराव कर्डकांचे जलसे १९३० च्या दशकात गावोगाव रात्र जागवीत होते; त्या श्रोत्याच्या घरी ग्रामोफोन नव्हता, म्हणून बाजाराच्या हिशेबात तो श्रोताच नव्हता.

पुढे कॅसेट आली. फिलिप्सने ती १९६३ मध्ये काढली. आपल्या वस्त्यांपर्यंत ती पोचायला १९८० चे दशक उजाडले. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज तिने जयंतीच्या मांडवात आणि एस.टी. स्टँडवरच्या टपरीत नेऊन ठेवले. हे काम लहान नव्हे. नामांतराच्या संघर्षात होरपळलेल्या मराठवाड्यात, १९७८ नंतरच्या त्या वर्षांत, गाणे हीच अनेकांची सभा होती. परंतु कॅसेटने श्रोता दिला, मुद्रणगृह दिले नाही. गाणे मुंबई-पुण्यात मुद्रित व्हायचे आणि मूळ टेप कंपनीच्या कपाटात राहायची. वामनदादा कर्डकांनी (१९२२–२००४) आयुष्यभर गाणी लिहिली आणि गावोगाव फिरून गायिली. त्यातले यंत्रापुढे किती आले आणि हवेत किती विरले, याचा विचार करून पाहावा.

आज परिस्थिती पालटली आहे. घरात संगणक आहे. १९८२ च्या सीडीपासून रूढ झालेली सेकंदाला ४४,१०० नोंदी घेण्याची क्षमता साध्या लॅपटॉपमध्येही आहे. आमच्या जिल्ह्यातल्या गायन पार्ट्यांकडे ढोलकी आणि ऑक्टोपॅडच्या जोडीला बेस गिटार आणि तिचा अॅम्प आला आहे. म्हणजे कर्ण्याने जो खर्ज नाकारला, तो आता वस्तीवर वाजतो. अडले आहे ते एका वायरीपाशी.

ही वायर नीट समजून घेणे मला इतिहासाच्या अभ्यासाचाच भाग वाटतो. अॅम्पच्या मागे स्पीकरसाठी जे सॉकेट असते, त्यातून संगणकाला कधीही जोडू नये. शंभर वॅटचा अॅम्प आठ ओहमच्या स्पीकरला अठ्ठावीस व्होल्टपर्यंत देतो. संगणकाच्या 'लाइन इन'ला एक व्होल्टच्या आतबाहेरचा संदेश हवा असतो, माइकच्या सॉकेटला तर काही हजारांश व्होल्टच पुरतात. एका पार्टीतल्या मुलाने स्पीकरची वायर सरळ लॅपटॉपला लावली आणि हप्त्यावर घेतलेला लॅपटॉप गेला. त्याला हे सांगणारे कोणी नव्हते. अॅम्पवर 'लाइन आउट' किंवा 'डी.आय.' लिहिलेले सॉकेट असेल तर तेच वापरावे. नसेल तर गिटारच ऑडिओ इंटरफेस नावाच्या डबीला लावावी आणि डबी यूएसबीने संगणकाला. मात्र डबीवर गिटारसाठीचे सॉकेट हवे. गिटारमधून निघणारा संदेश दुबळा असतो. त्याच्यापुढे दहा लाख ओहमचा अडसर असला तर तो शाबूत पोचतो, कमी असला तर स्वराची धार बोथट होते.

आता 'घुं' आवाजाविषयी. अॅम्प एका बोर्डावर, संगणक दुसऱ्यावर, दोन्हींचे अर्थिंग वेगळे. त्या फरकातून वायरीत पन्नास कंपनांची घरघर शिरते. आपल्याकडची वीजच पन्नास कंपनांची. बेसच्या जाड तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा स्वर एकोणपन्नास कंपनांचा, म्हणजे घरघर नेमकी स्वराच्या मांडीवर बसते. नंतर संगणकावर ती पुसू गेले की खर्जही पुसला जातो. म्हणून ती मुळातच येऊ देऊ नये. दोन्ही यंत्रे एकाच बोर्डावर लावावीत. तेवढ्याने भागले नाही तर मध्ये ट्रान्सफॉर्मर असलेली डी.आय. डबी घालावी. काही जण तीन पिनांतली अर्थिंगची पिन काढून टाकतात आणि घरघर थांबली म्हणून खूश होतात. अशा अॅम्पचे धड कधी विजेने भरेल याचा नेम नाही, आणि गिटारच्या तारांवर हात असलेल्या पोराचा जीव जाऊ शकतो. आपल्या वस्त्यांत मुळात अर्थिंग नीट केलेले असतेच असे नाही, म्हणून हे जरा कठोरपणे लिहितो आहे.

कोणी म्हणेल, हे मेकॅनिकचे काम. साहित्य-विचाराच्या पानांत ते कशाला? या प्रश्नातच जुनी वर्णव्यवस्था दडून बसली आहे. डोके वरचे आणि हात खालचे, ही वाटणी आपण ग्रंथांत जाळली. पण घरातला पहिला पदवीधर झाल्यावर सोल्डरिंगच्या खिळीकडे पाहण्याची आपली नजर तपासून पाहावी. १९७२ मध्ये आपण अमेरिकेतील काळ्यांच्या लढ्याकडून 'पँथर' हा शब्द घेतला. त्याच सुमारास जमैकातील किंग्स्टनच्या गरीब वस्तीत ऑस्बोर्न रडॉक नावाचा रेडिओ-अॅम्प दुरुस्त करणारा कारागीर घरच्या घरी मुद्रणगृह चालवीत होता. लोक त्याला किंग टबी म्हणत. दुसऱ्या मुद्रणगृहाकडून घेतलेले मिक्सर त्याने आपल्या हाताने बदलले, गाण्यातले शब्द मागे सारून बेस आणि ड्रम पुढे आणले, आणि त्यातून 'डब' हा प्रकार उभा राहिला. १९८९ मध्ये त्याचा खून झाला. आज जगभरची मुद्रणगृहे त्याच्या युक्त्या वापरतात. काळ्यांच्या कविता आपण भाषांतरित केल्या आणि ते योग्यच केले. त्यांची ही खिळी मात्र आपण उचलली नाही.

शेजारच्या बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरमध्ये १९९६ साली जात्यावरच्या ओव्या मुद्रित झाल्या. हेमा राईरकर आणि गी पॉयट्व्हाँ यांच्या ओव्यांच्या संग्रहकार्यातून ते घडले. त्या बायांचा आवाज आज ऐकता येतो, कारण कोणीतरी यंत्र घेऊन तिथवर गेले. आता यंत्र घेऊन कोणी येण्याची वाट पाहण्याचे कारण उरलेले नाही. महाविद्यालयातल्या मुलांना मी एवढेच सांगतो की गायकाचा आवाज, ढोलकी आणि बेस वेगवेगळ्या ट्रॅकवर घ्या, म्हणजे पुढे एखादा बिघडला तरी बाकीचे वाचतील. आणि फाइलला 'नवे गाणे २' असे नाव देऊ नका. गाव, तारीख, गाणाऱ्याचे आणि रचणाऱ्याचे नाव लिहा, आणि तिची एक प्रत दुसऱ्याच्या घरी ठेवा.